लोकांची ठेव आणि आमचा मोबाइल



आज आम्ही एक कबुली देण्यासाठी लिहीत आहोत. समाजाचे काम करणारा माणूस आपली चूक चारचौघांत सांगायला सहसा तयार होत नाही. आम्हीही तयार नव्हतो. परंतु आमच्यासारखेच काम पुण्यातील वस्त्यावस्त्यांतून अनेक कार्यकर्ते करीत आहेत, आणि लहान पेढ्यांतून, दुकानांतून, पतसंस्थांतून आपली कितीतरी मुले-मुली कारकुनी करीत आहेत. जे आमच्या हातून झाले ते त्यांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आम्ही नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे कारकून आहोत. बिले करणे, जीएसटीचा हिशेब, कामगारांचे पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा भरणा हे आमचे रोजचे काम. राहायला दांडेकर पुलाच्या वस्तीत. संध्याकाळी आणि रविवारी विहारात बसून समाजबांधवांचे अर्ज भरून देतो. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, जात पडताळणी, शिधापत्रिका, निराधार योजना, जो कोणी जे घेऊन येईल ते. बी. कॉम. झाल्याचा समाजाला काही उपयोग व्हावा, इतकाच हेतू.

लोकांच्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवण्याची सवय आम्हाला कशी लागली, ते आधी सांगितले पाहिजे. २७ सप्टेंबर २०१८, गुरुवार. सकाळी जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसले. पाऊस नाही, सूचना नाही. माणसे कामावर गेलेली, घरात म्हातारी आणि लेकरे. भांडी, धान्य, अंथरुणे गेली, ती पुढे कशीबशी पुन्हा जमवता आली. पण कागद गेले ते गेले. पत्र्याच्या पेटीत तळाशी जपलेले शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, आधार कार्डे यांचा लगदा झाला होता. पुढचे कित्येक महिने आम्ही लोकांबरोबर शाळांच्या आणि तहसीलच्या पायऱ्या चढत होतो. आजोबांच्या काळातला एक दाखला नसला की नातवाची पडताळणी अडते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा मंडळाच्या बैठकीत ठरले की यापुढे ज्याचा कागद हाती येईल त्याचा फोटो काढून ठेवायचा. मोबाइल आमचाच. हेतू चांगला होता. वर्षामागून वर्षे फोटो साठत गेले. त्यांना कुलूप मात्र आम्ही कधी लावले नाही. मोबाइल उघडायला आकडे टाकण्याचा आम्हाला कंटाळा. आणि वर अभिमानाने सांगत असू की, आपले आयुष्य उघडे पुस्तक आहे, आपल्याला काय लपवायचे?

गेल्या पावसाळ्यात, एका संध्याकाळी, स्वारगेटला पीएमटीच्या गर्दीत उतरताना खिसा हलका लागला. मोबाइल गेला होता.

त्या वेळी आम्हाला हळहळ वाटली ती नऊ हजार रुपयांची. घरी येऊन जेवलो. उद्या सिमकार्ड बंद करू, असे म्हणून झोपलो. ही आमची दुसरी चूक, आणि ती पहिलीहून मोठी. कारण त्या रात्रीच आमच्या नंबरवरून वस्तीतल्या माणसांना निरोप गेले. ‘दवाखान्यात आहे, तातडीने पैसे पाठवा, सकाळी देतो.’ बहुतेकांना संशय आला. पण पर्वतीच्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका मावशींनी मुलाकडून चार हजार रुपये पाठवले. सकाळी विहारासमोर भेटल्या तेव्हा आम्हाला धडधाकट पाहून त्यांना आधी आनंद झाला आणि मग त्या एकदम खाली बसल्या.

त्याच दुपारी आम्ही सिम बंद केले. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवली. पोलीस चौकीत अर्ज दिला आणि त्याची प्रत जोडून ‘संचार साथी’ या सरकारी सेवेतून तो मोबाइलच देशभर बंद व्हावा अशी विनंती केली. प्रत्येक मोबाइलला १५ आकड्यांचा आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की तो दिसतो. खोक्यावरही छापलेला असतो. सुदैवाने आमचे खोके घरात होते. मावशींचे पैसे मात्र परत आले नाहीत. पैसे गेल्याबरोबर, पहिल्या काही तासांत कळवले तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. आम्ही ते तास झोपेत घालवले होते.

पैसे आम्ही दोन पगारांतून मावशींना दिले. त्या घेत नव्हत्या. “दादा, तुम्ही कुठं घेतले?” म्हणत होत्या. आम्ही घेतले नव्हते हे खरे, पण दार आम्हीच उघडे ठेवले होते.

त्याहून अवघड काम पुढे होते. ज्यांचे कागद त्या मोबाइलमध्ये होते, त्यांना सांगायचे कसे? आठवतील तेवढी नावे वहीत लिहिली तर सदतीस घरे झाली. दोन संध्याकाळी दारोदार फिरलो. कोणी म्हणाले, जाऊ द्या, आमच्या कागदात काय ठेवलेय? कोणी गप्प राहिले. एक आजी, ज्यांची पेटी २०१८ साली पाण्यात भिजली होती, त्या म्हणाल्या, “बाळा, पान्यात गेले तवा दोष पान्याचा व्हता. आता कुनाचा म्हनायचा?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरेच विचारत होत्या. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शेवटचे घर एका मुलीचे होते. आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली, संगणकाची पदविका घेऊन हिंजवडीला एका कंपनीत नेटवर्कचे काम करते. तिच्या पडताळणीचे कागद आम्हीच भरले होते. ती सगळे ऐकून घेत होती. मग म्हणाली, “काका, मी जात लपवत नाही. कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगते. पण कुणाला सांगायचं आणि केव्हा सांगायचं, हे मी ठरवते. ते तुमच्या मोबाइलनं ठरवायचं नाही.”

वाचकहो, ज्यांनी पुण्यात भाड्याने खोली शोधली आहे, त्यांना हे वाक्य उलगडून सांगावे लागणार नाही. आडनाव विचारले की घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, ते आपण पाहिले आहे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० सालापर्यंत झगडावे लागले, तेव्हा कायदा बदलला आणि आपल्या हाती तो दाखला आला. तो आपला हक्काचा कागद आहे. पण तोच कागद चुकीच्या हातात गेला तर आपल्यावरच उलटू शकतो. मुलीने विश्वासाने दिलेली ती ठेव होती आणि आम्ही ती बिनकुलपाच्या डब्यात घालून बसमधून हिंडवत होतो.

आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी राहू द्या काका. तुमच्या ऑफिसात पण असंच असेल, ते आधी दाखवा.”

आमच्या ऑफिसची काळजी आम्हालाही लागली होतीच. हरवलेल्या मोबाइलमध्ये पेढीचा ई-मेल उघडा होता. मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ‘आमच्या नावाने नवा खाते नंबर कळवणारे पत्र आले तर फोन केल्याशिवाय पैसे भरू नका,’ असे साठ-सत्तर गिऱ्हाइकांना एकेक करून कळवावे लागले. तसे पत्र कोणाला गेले नाही, हे नशीब. पण नशिबावर हवाला ठेवणे ही आपली शिकवण नाही.

पुढच्या शनिवारी ती मुलगी नाना पेठेत आली. दुकानात न शिरता समोरच्या अमृततुल्यमध्ये बसली आणि आम्हाला फोन करून म्हणाली, “काका, मालकांना विचारा, मी इथून तुमचं वायफाय तपासलं तर चालेल का? न विचारता हात लावायचा नाही.” मालकांनी होकार दिला. पाचच मिनिटांत ती आत आली आणि मोबाइल पुढे धरला. आमच्या दुकानाचा टेलिफोन नंबर, जो बाहेर पाटीवर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवला आहे, तोच वायफायचा पासवर्ड होता! चहाच्या बाकावर बसून तिला आमचा प्रिंटर दिसत होता, कॅमेऱ्यांची पेटी दिसत होती आणि आमच्या संगणकातला एक फोल्डरही दिसत होता. त्या फोल्डरात नऊ कामगारांचे पगारपत्रक, बँक खाती आणि आधार क्रमांक होते. ते आम्हीच तिथे ठेवले होते.

मालक म्हणाले, “अहो, पण वायफाय तर आपल्या दुकानात आहे. बाहेर कसं जातं?”

तिने समजावून सांगितले ते आम्हाला फार पटले. भीमजयंतीला आपण विहारावर कर्णा लावतो. तो विहारातल्या माणसांसाठी असतो, पण आवाज काही विहाराच्या भिंतीपाशी थांबत नाही. पलीकडच्या गल्लीत न बोलावलेल्या माणसालाही तो ऐकू येतो. वायफायचेही तसेच. तारेतून जाणाऱ्या माहितीसाठी तारेला हात लावावा लागतो. बिनतारी यंत्राच्या लहरी भिंत ओलांडून रस्त्यावर जातात. त्यांना अडवता येत नाही. म्हणून आत जे बोलले जाते ते सांकेतिक भाषेत बोलावे लागते, म्हणजे ऐकणाऱ्याला ऐकू आले तरी कळू नये. ही सांकेतिक भाषा चांगली हवी आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोणाला तर्काने सापडू नये. जुनी डब्ल्यूईपी नावाची पद्धत २००१ सालीच कच्ची ठरली. २००४ पासून डब्ल्यूपीए-टू आली, २०१८ पासून डब्ल्यूपीए-थ्री. ज्याच्या यंत्रात अजून जुनी पद्धत असेल, त्याचे कुलूप नावालाच आहे.

“आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?” मालकांनी विचारले. हाच आमचाही प्रश्न होता, महिनाभरापूर्वीपर्यंत.

त्यावर तिने २००८ सालची हकीकत सांगितली, ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याला, एका परदेशी गृहस्थाच्या घरी. त्यांचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांच्या घरातले वायफाय बाहेरून कोणीतरी वापरले होते. पुढच्या महिन्यात तसाच ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. एक घर, एक कॉलेज, एक कंपनी. तिघांकडून कोणी काही चोरले नाही. त्यांचा फक्त पत्ता वापरला, आणि पोलीस त्यांच्या दारात आले. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधून त्यांच्या मालकांना नोटिसा देण्याची मोहीम जाहीर केली.

मालक गंभीर झाले. आम्हीही झालो, पण आमच्या मनात आणखी एक विचार आला. पोलीस दारात येणे ही गोष्ट सर्वांना सारखी नसते. मोठ्या माणसाला ते प्रश्न विचारून जातात. आपल्या वस्तीतल्या पोराच्या घरातले वायफाय असे वापरले गेले तर त्याला किती दिवस बसवून ठेवतील, याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा.

यंत्रातून माहिती काढता येते, तसेच यंत्रात काही घालताही येते. एल्गार परिषदेच्या खटल्यातील एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये दूरवरून शिरकाव करून पत्रे घालून ठेवली गेली, असे अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु चळवळीत काम करणाऱ्याने आपला मोबाइल आणि संगणक निष्काळजीपणे वापरू नये, एवढा बोध त्यातून कोणीही घ्यावा.

मोठ्यांचेही काय होते ते पाहा. अमेरिकेत टीजेएक्स नावाची दुकानांची मोठी कंपनी आहे. तिच्या दुकानांत तीच जुनी, कच्ची डब्ल्यूईपी पद्धत होती. २००५ पासून चोर त्या बिनतारी जाळ्यातून आत शिरले आणि २००७ साली हे उघड झाले तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली होती. आपल्या पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला जो हल्ला झाला, त्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्यातले सुमारे ७८ कोटी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढले गेले. तिथे दोष वायफायचा नव्हता, बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवला होता. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली. आमच्या वस्तीत कालवा फुटला त्याच्या दीड महिना आधीची ही गोष्ट. कालव्याचे पाणी आम्ही डोळ्यांनी पाहिले. हे दुसरे पाणी दिसत नाही.

त्या शनिवारी तिघांनी बसून दुकानाचे काम केले. खर्च फार आला नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

वायफायच्या यंत्राला, म्हणजे राउटरला, दोन किल्ल्या असतात. एक वायफायची आणि दुसरी खुद्द यंत्राच्या कारभाराची. दुसरी किल्ली बहुतेक ठिकाणी कंपनीने दिलेली तशीच राहते. आमचीही ‘ॲडमिन’ अशीच होती. ती आधी बदलली. मग वायफायचा पासवर्ड लांबलचक केला. चार असंबद्ध मराठी शब्द आणि मध्ये आकडे, म्हणजे आपल्याला आठवेल पण दुसऱ्याला सुचणार नाही. पद्धत डब्ल्यूपीए-टू लावली. जे बटण दाबून पासवर्डाशिवाय मोबाइल जोडला जातो, ती सोय बंद केली. यंत्राचा प्रोग्रॅम नवा करून घेतला, कारण कुलपातल्या फटी कंपनी अशा सुधारणांमधूनच बुजवत असते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या एका संशोधकाने डब्ल्यूपीए-टू मध्येही एक फट दाखवली होती, ती अशीच बुजवावी लागली.

टेंपोवाले, गिऱ्हाईक, पाहुणे यांच्यासाठी वेगळे वायफाय केले. ते त्याच यंत्रातून होते. पाहुण्याला पाणी द्यावे, तिजोरीच्या खोलीत बसवू नये, तसे. पगाराचे फोल्डर सर्वांना दिसेनासे केले. आणि नोकरी सोडून कोणी गेले की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, असे वहीत लिहिले. त्यात जाणाऱ्या माणसावर संशय नाही. उद्या काही झाले तर त्याच्यावर नसता आळ येऊ नये, हाही त्यातला हेतू आहे.

मग मोबाइल. दुकानाचा जो मोबाइल आहे, ज्यावर बँकेचे ओटीपी येतात, तो काउंटरवर उघडा पडलेला असे. कोणीही यावे आणि आकडे वाचून सांगावेत. त्याला सहा आकड्यांचे कुलूप लावले, कुलूप लागलेले असताना ओटीपी पडद्यावर दिसू नये अशी व्यवस्था केली. हरवला तर दुसऱ्या यंत्रावरून शोधता येईल, आतले सारे पुसून टाकता येईल, ती सोयही चालू केली. सिमकार्डालाही वेगळा पिन लावता येतो, तो लावला. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी लावली. आमच्या मोबाइलला एवढे असते तर मावशींचे चार हजार वाचले असते.

मालकांनी शेवटी विचारले, “एवढं सगळं करून चोरी होणारच नाही, असं लिहून देतेस का बाई?” ती म्हणाली, “नाही देत. दाराला कुलूप असलं तरी चोरी होते की. पण म्हणून दार उघडं टाकून कुणी गावाला जात नाही.” २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. ज्याच्याकडे लोकांची माहिती आहे त्याने ती वाजवी काळजी घेऊन सांभाळावी, अशी जबाबदारी त्यात घातली आहे. ही काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, हे ऐकून मालकांनी तिच्यासाठी दुसरा चहा मागवला.

दुकानाचे झाले, आता विहाराचे सांगतो. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मंडळाची बैठक घेतली. आम्ही आमची चूक सर्वांसमोर सांगितली आणि फोटो साठवण्याची पद्धत बंद करावी, असे सुचवले. एकाने रास्त प्रश्न केला, “आणि पुन्हा पाणी आलं तर?” त्यावर तोड निघाली ती अशी. २०१५ पासून सरकारची डिजिलॉकर ही सोय आहे. तिथे ज्याचे कागद त्याच्याच नावावर, त्याच्याच किल्लीने राहतात. पेटी भिजली तरी ते भिजत नाहीत आणि कार्यकर्त्याचा मोबाइल हरवला तरी ते हरवत नाहीत. दर रविवारी दोन मुली बसून पाच-पाच घरांची खाती उघडून देतात. सगळे कागद तिथे मिळत नाहीत. जुने दाखले स्वतः फोटो काढून चढवावे लागतात. काम सावकाश चालले आहे, पण चालले आहे.

अर्जासाठी ज्यांचे कागद घ्यावेच लागतात त्यांची एका वहीत नोंद होते. काम झाले की त्यांच्यादेखतच फोटो पुसायचा आणि त्यांची सही घ्यायची. जिथे चालते तिथे पूर्ण आधार क्रमांकाऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणाच्याही नावाने पैशाचा निरोप आला, अगदी आमच्या नावाने आला तरी, आधी आवाज ऐकायचा, मग पैसे.

पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही. लहानपणापासून आम्हाला वाटत आले की हे शील आपण पाळतोच, कारण आपण चोरी करीत नाही. त्या सदतीस दारांत उभे राहिल्यावर कळले की जे विश्वासाने दिलेले आहे ते सांभाळणे, हीही त्याच शीलाची दुसरी बाजू आहे. तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना उपदेश केला तो अप्पमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा. आम्ही गाफील राहिलो होतो आणि त्याला साधेपणा म्हणत होतो.

आमचा जुना मोबाइल मिळाला नाही. त्या फोटोंचे पुढे काय झाले, कोणी पाहिले, की कोणी न पाहताच पुसून टाकले, हे आम्हाला कधीच कळणार नाही. ही टोचणी राहील आणि ती राहावीही.

मागच्या महिन्यात त्या आजी विहारात आल्या. निराधार योजनेचा अर्ज पुन्हा भरायचा होता. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढून त्यांनी पुढे ठेवले आणि विचारले, “आता कुलूप लावलंस का रं?” आम्ही मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी पडद्यावर बोट फिरवून पाहिले, उघडला नाही. मग म्हणाल्या, “बरं, काढ फोटू.” काम झाल्यावर तो फोटो त्यांच्यासमोर पुसला आणि वहीत त्यांचा अंगठा घेतला.

वाचक बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाचा मोबाइल एकदा हातात घ्या. कुलूप आहे का पाहा. आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून पेटीत ठेवा. आणि ज्यांच्याकडे दुसऱ्यांचे कागद आहेत, त्यांनी कामावर गेल्यावर एवढेच विचारावे, इथले वायफाय रस्त्यावरून उघडते का?

जयभीम.